जाळीविना झुला

ता. ४ जानेवारी

चि. धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्यासाठी स्थळ आलंय. रंगांच्या कंपनीत हेडक्लार्क आहेत. नोकरी कायमची, आवाज बारीक, टेबलाला स्वतःचा पंखा. तुझे भावोजी म्हणाले, मुलगी सर्कशीत झुल्यावर उड्या मारते हे आधीच सांगून टाकू. मी म्हटलं, व्यायामाच्या क्षेत्रात आहे म्हणा. खोटं थोडंच आहे? या मंदीत असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. तुमच्या तंबूत प्रेक्षक जास्त की ठिगळं, ते तूच सांग.

आशीर्वाद आहेतच, त्यांच्याबरोबर थोडी अक्कलही पोचो.

तुझी ताई

ता. १५ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

ठिगळंच जास्त भरतील. मालकांनी काटकसर सुरू केलीय. सिंह प्राणिसंग्रहालयाला देऊन टाकला. रिकाम्या पिंजऱ्यावर ‘सिंह विश्रांती घेत आहे’ अशी पाटी लावलीय, आणि लोक तीही चवीने वाचतात. अस्वलाच्या जागी विदूषक कातडं पांघरून नाचायचा. परवा तोही सोडून गेला. पगार मागितला की मालक गहिवरून म्हणतात, आपण एक कुटुंब आहोत.

स्थळाला नाही कळव. मला हवेत झेलणारा आमचा कॅचर, त्याने मला लग्नाचं विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण मालक झुल्याखालची जाळी विकायला निघालेत. म्हणे, जाळी नसली की थरार वाढतो. आधी जिवंत राहते, मग लग्नाचं बघते.

रागावलीस तरी पत्र मोठं लिही.

तुझी धाकटी

ता. २७ जानेवारी

चि. धाकटीस, कान पिळून आशीर्वाद.

जाळीचं तू गमतीत लिहिलंस, इथे मी ताट तसंच बाजूला सारलं. त्या तुझ्या कॅचरला विचार, जाळी नसताना तुला वर चढू देणार का? काय करतो त्यावरून माणूस कळेल.

रंगांच्या कंपनीला टाळं लागलं. थकलेल्या पगाराबदली हेडक्लार्कांना त्यांचीच खुर्ची मिळाली. ती डोक्यावर घेऊन भर बाजारातून आमच्याकडे आले, आणि दारात ठेवून तिच्यावरच बसले. चहा पिताना हळूच म्हणाले, तुमच्या बहिणीकडे जागा होईल का? मला वाटलं, मनात. त्यांना सर्कशीत हवी होती!

जपून राहा, माझ्यासाठी तरी.

तुझी ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हेडक्लार्क पोचले. सध्या ते अस्वल आहेत. फार सभ्य अस्वल; नाचण्याआधी पहिल्या रांगेची परवानगी मागतात.

जाळी गेलीच. ‘आज जाळी नाही’ असं मालकांनी गावभर ओरडून सांगितलं, आणि रविवारी तंबू खच्चून भरला. मी शिडीला हात लावला, तोच कॅचर रिंगणाच्या मधोमध मांडी घालून बसला. म्हणाला, मी वर जाणार नाही. मालक किंचाळले, तुझ्यासारखे छप्पन मिळतील. तो म्हणाला, मिळतील की, पण हिने हात कुणाच्या भरवशावर सोडायचा? ताई, मी शिडीवरचा हात तेव्हाच काढला.

मग एक आजीबाई उठल्या. म्हणाल्या, पोरीला मरताना बघायला मी तिकीट काढलेलं नाही, माझे पैसे परत द्या. त्यांच्यामागे अख्खा तंबू उठला. सगळ्यांचे पैसे परत करण्यापेक्षा जाळी परत आणणं मालकांना स्वस्त वाटलं.

जाळी बांधली त्या दिवशी मी झुला सोडला, त्याने माझी मनगटं धरली, आणि मी म्हटलं, हो. त्याने विचारलं, काय हो? मी म्हटलं, लग्नाला हो. त्याची पकडच सुटली! मी जाळीत, आणि मला सावरायला झेपावलेला तो माझ्या अंगावर. लोकांनी टाळ्यांनी तंबू डोक्यावर घेतला. मालक धावत आले. मला वाटलं, संपली नोकरी. ते म्हणाले, हे रोज करायचं.

त्यामुळे हल्ली मी त्याला रोज दोन्ही खेळांत होकार देते. आणि खरं सांगू? दर वेळी तो मनापासून दचकतो.

भावोजींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी धाकटी