वीस वॅटचा ॲम्प

२ फेब्रुवारी
सिंधीपुऱ्यात दुकान लागलं. भुसावळला अठरा वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात गाड्यांचे साऊंड बसवले, आता बोर्डावर माझं नाव, दिगंबर. शेजारी यंत्रमागांची खडखड. त्यातला कुठला माग लंगडतोय ते खुर्चीवरून सांगितलं, तर मागवाला मालक स्वतः चहा घेऊन आला. काउंटरवर बायको, कमल. ती गिऱ्हाइकांना सांगते, आमच्या ह्यांचे कान हत्तीचे, अक्कल मात्र बेताची. गिऱ्हाईक हसतं अन् बसतं.

४ फेब्रुवारी
बहादरपूरच्या प्रतिभाताई नवऱ्याची बुलेट घेऊन आल्या. नवरा भाईदास, केळीवाला. दिवाळीपासून त्याची वाचाच गेलीय, इंदूरचे डॉक्टरही झाले. गाडीला शंभर वॅटचे दोन स्पीकर आणि त्यांना ताकद द्यायला सीटखाली वीस वॅटचा ॲम्प; बैलगाडीला शेळी जुंपावी तसं. कोण्या येड्याचं काम, विचारलं. बाई एवढंच म्हणाल्या, भैया, आवाज मोठा करून द्या, बस.

५ फेब्रुवारी
वॅट जुळवले, ओहम जुळवले, जोडीचा ॲम्प बसवला. तपासणीला नेहमीप्रमाणे कमल माईकवर बोलली, भुसावळवाल्यांची थट्टा केली. आवाज काचेसारखा. माईक काढल्यावरही स्पीकरमधून कुणी पुरुष हळूच प्रतिभाताईंना हाक मारत होता. मला वाटलं, कुणाचा तरी मोबाईल जोडला गेला. ताई मात्र रडत हसल्या आणि गाडी घेऊन गेल्या.

६ फेब्रुवारी
कमलचा घसा बसलाय, असं ती म्हणते. घसा बसला की खरखर वाढते. हिचा आवाज नुसता पातळ होतोय, खालून कुणी उपसून नेल्यासारखा. माझ्याशिवाय कुणाला कळत नाही.

७ फेब्रुवारी
प्रतिभाताईंचा फोन. स्पीकरमध्ये आता एक बाईपण बोलते, भैया, तुमच्या कानांची थट्टा करते.
समोर कमल ओठ हलवतेय. आवाज नाही.

८ फेब्रुवारी
कमलला घेऊन बहादरपूरला गेलो. भाईदासनं पाटीवर लिहून दाखवलं: दिवाळीला मोठा ॲम्प लावला तेव्हा त्याचाच आवाज आत गेला, म्हणून छोटा त्यानंच लावला होता. पार बंद केला की आतला आवाज गुदमरतो. मोठा लावला की जो माईकवर बोलेल किंवा जवळ सतत बोलत राहील, त्याचा आवाज आत ओढला जातो. बायकोला हे सांगायची त्याची हिंमत झाली नव्हती.
मी पाना काढला. प्रतिभाताई बुलेटला आडव्या झाल्या. तीन महिन्यांनी माझा माणूस बोलतोय, हात लावू नका.

९ फेब्रुवारी
रात्री तिथंच राहिलो. ताई केळीच्या बागेत गेल्यावर मोठ्या ॲम्पची वायर सोडली. वायर सुटलेली, तरी कमल आतून बोलत होती— दम लागतोय, अहो, जोडा ना—
जोडली.
छोटा ॲम्प पिशवीत तसाच. तो लावला तर ती कुजबुजेल फक्त, आणि दुरून. जन्मभर.

१० फेब्रुवारी, दुपार
कमल ओट्यावर बसलीय, माझा हात धरून. आणि बुलेटच्या आतून सांगतेय, अहो, इथं अंधार आहे, बोलत राहा. मी गप्प झालो की घाबरते. म्हणून बोलतोय. सकाळपासून.
माझा आवाज पातळ होतोय. हे मला पहिल्याच वाक्याला कळलं होतं.

चार वाजले
भाईदास पाटी दाखवतोय— थांबा— लांब व्हा—
कमल विचारते, ऐकताय ना?
हो म्हणालो. ओठांवर काही नाही. हो आला तो बुलेटच्या स्पीकरमधून—