वाचनालयातील जुना संगणक चौदा दिवस न पुसण्याबाबत

प्रति,
मा. निरीक्षक, शालेय वाचनालये,
जिल्हा शिक्षण कचेरी, बेर्शेबा

विषय : डिमोना येथील आमच्या वस्तीच्या प्राथमिक शाळेच्या वाचनालयातील खिडकीजवळचा संगणक रविवार, ७ डिसेंबर रोजी पुसू नये.

संदर्भ : आपले सर्व शाळांना आलेले पत्र, जुनी मशिने साफ करून परत करण्याचे.

महोदय,

मी मुंबईकडून आलेला मराठी यहुदी. हिब्रू बोलतो, पण अर्ज लिहिण्याइतके हिब्रू माझ्या हाताला आले नाही. आपल्या कचेरीतील शुलामितबाई मराठी वाचतात असे कळल्यावरून मराठीत लिहीत आहे. त्यांनी आपणांस वाचून दाखवावे.

१) माझी पत्नी एलिझाबेथ सदर वाचनालयात एकोणीस वर्षे मदतनीस होती. रशियातून व इथिओपियातून आलेली मुले पुस्तक उघडून नुसती चित्रे पाहत बसत. ते पाहून तिने वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी नगरपालिकेच्या वर्गात संगणक शिकून घेतला आणि पुस्तकांतील चित्रे मशिनवर घातली. चित्रावर बोट दाबले की तिच्या आवाजात त्याचा हिब्रू शब्द ऐकू येतो. असे चारशे बारा शब्द आहेत. एक शिक्षिका म्हणाल्या, मुले मुंबईचे हिब्रू शिकतील. एलिझाबेथ म्हणाली, शिकू देत, आधी तोंड तर उघडू देत.

२) पुढे कोणा मुलांनी सफरचंदाच्या जागी बकरीचा आवाज भरला. ती दोन दिवस हसली आणि तिसऱ्या दिवशी तिने सगळ्याला कुलूप घातले. रोज सकाळी ती स्वतः उघडीत असे. कुलपाचा शब्द तिने कोणाला सांगितला नाही. ती ऑक्टोबरच्या चौदा तारखेला वारली. तेव्हापासून कुलूप बंद आहे.

३) कुलपाचा शब्द आठवावा म्हणून मशिनवर तिने खूण लिहून ठेवली आहे : "माझ्या नवऱ्याचे नाव." वाचनालयाच्या शिक्षिका एफ्रात यांनी मला बोलावून घेतले. आम्ही गर्शोन हे नाव तीन तऱ्हांनी लिहिले. मशिन दिवसाला तीनच चुका घेते, मग दुसऱ्या दिवसापर्यंत उघडत नाही. मशिने साफ करणारे झेएव मला म्हणाले, "सबा, म्हणजे आजोबा, तुम्हाला स्वतःचे नाव तरी येते का?" माणूस वाईट नाही. त्यांना बहात्तर मशिने उरकायची आहेत.

४) चूक आमची होती. आमच्यात जुन्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. एकेचाळीस वर्षांत तिने एकदाही मला नावाने हाक मारली नाही. मग मशिनवर कशी लिहील? दुसऱ्या दिवशी मी "अहो" लिहून पाहिले, तेही तीन तऱ्हांनी. चालले नाही. घरी परत येताना आठवले, ती मला "ऐकलंत का" म्हणे. दुसऱ्या सकाळी धावत गेलो, तर मुख्याध्यापकांचा निरोप होता की बाहेरच्या माणसाने आता मशिनला हात लावू नये.

५) तो शब्द हिब्रू अक्षरांत कसा लिहिला असेल हे सांगता येत नाही. एकाच आवाजाला दोन दोन अक्षरे आहेत. आरंभी आलेफ की आयिन. दोन ठिकाणी क, तो काफ की कोफ. त हा ताव की तेत. शेवटी 'हे' नावाचे अक्षर की आलेफ. मी कागदावर मांडून पाहिले, बत्तीस प्रकार होतात. दिवसाला तीन, म्हणजे शाळेचे अकरा दिवस लागतील.

६) झेएव म्हणतात नव्या मशिनमधला आवाज स्वच्छ आहे. मी ऐकला. स्वच्छ आहे. मुलांचे नुकसान होईल असे लिहून मी हा अर्ज दोनदा फाडला. पहिलीची मुले अजून खिडकीजवळच्या मशिनपाशी जातात हे खरे, पण ती नव्यालाही सरावतील. खरे कारण हे की घरात तिचा आवाज कुठेच नाही. फोनवर निरोप घेणाऱ्या मशिनवरसुद्धा माझाच आहे. भरायच्या वेळी ती म्हणाली, तुम्हीच बोला. मला घरात बसवत नाही. सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत जातो आणि परत येतो, दुपारी पुन्हा जातो. पहारेकरी आता विचारीत नाही.

७) टपालाने उत्तर यायला तीन आठवडे लागतात असे कळले. तोवर मशिन पुसले गेलेले असेल. म्हणून अर्ज हातानेच आणला आहे आणि बाहेर बाकावर बसलो आहे.

८) एक गोष्ट लिहावी की नाही असे झाले होते, पण कमी दिवस मागून फसायला नको. घरात कोणी नसले म्हणजे ती मला आणखी एका शब्दाने हाक मारी. तो अर्जात लिहिण्याजोगा नाही. त्याचे आठ प्रकार होतात. सबब अकराऐवजी परवानगीपासून शाळेचे चौदा दिवस मिळावेत. बत्तीस प्रकार कोणाही शिक्षिकेने समोर उभे राहून लिहून घ्यावेत, माझी हरकत नाही. शेवटच्या आठांच्या वेळी मात्र जवळ कोणी नसावे, एवढी विनंती आहे.

आपला नम्र, बाहेर थांबलेला,
गर्शोन अबाजी वाकरुळकर
(निवृत्त कामगार, कापड गिरणी, डिमोना)

बेर्शेबा, रविवार, ३० नोव्हेंबर २००३

सोबत : १. मृत्यूचा दाखला, नक्कल.
२. बत्तीस प्रकारांची यादी. उरलेले आठ जोडलेले नाहीत.