थेंब आधी कोणाच्या डोळ्यांत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो यंदाही कागदावरच आटोपतो आहे.) तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला आपापल्या जागी असतील अशी आशा. आम्ही ठीक.

तुझ्या लाडक्या भाचीला चष्मा लागला. फळ्यावरचं दिसत नाही हे तिने वर्षभर कुणाला कळू दिलं नाही; शेजारणीच्या वहीतून ती सगळं उतरवायची, शेजारणीच्या चुकांसकट. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, की हा नुसता काचेचा प्रश्न नाही. वाढत्या वयात असा डोळा गरजेपेक्षा लांबट होत जातो आणि आतला पडदा त्याच्याबरोबर ताणला जातो, मोठ्या गादीवर लहान चादर ओढून बसवावी तसा. कडेला तो विरतो, क्वचित फाटतोही. म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघायलाच हवा. (आमच्या हिने लगेच माझ्याकडे पाहिलं. घरात काहीही ताणलं गेलं की ती माझ्याकडेच पाहते.)

कन्येने डोळे गच्च मिटले. थेंब पापणीवरून गालावर, गालावरून माझ्या शर्टावर. तेव्हा बाप या नात्याने मी म्हणालो, आधी माझ्या डोळ्यांत घाला. "चाळिशी उलटलीच आहे, तुमचाही बघून टाकू," म्हणत बाईंनी घातले. कन्येने सगळा प्रकार निरखून पाहिला आणि म्हणाली, "झालं ना तुमचं? चला घरी."

ही तिथून परस्पर कामावर गेली. बाहेर आल्यावर उन्हात मला डोळे उघडवेनात आणि कन्येला लांबचं दिसेना (चष्मा अजून दुकानातच). अशा संयुक्त विद्यमाने आम्ही बस पकडली. ती आपली नव्हती, हे डेपोत कळलं. कंडक्टर तिला म्हणाला, "बाबांना नीट धरून ने गं पोरी." तिने धरलं. वाटेतले खड्डे ती मला दाखवत होती, आणि दाखवलेल्या प्रत्येक खड्ड्यात आम्ही दोघं जात होतो. माझा पडदा उत्तम निघाला. तिचा बघायचा राहिला तो राहिलाच.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. थेंबांबद्दल काल कन्येशी पुन्हा बोलणी झाली. ती म्हणते, "आत्याचा चष्मा केवढा जाड, तिचा पडदा कोण बघतं?" घरात आणखी कुणाला मोठा नंबर आहे यावर तुझं नाव निघालं, तेव्हा बाईंनीही नेमकं हेच विचारलं होतं. लहानपणापासून मोठा नंबर असलेल्यांनी तर टाळूच नये म्हणतात. तेव्हा सोमवारी दोघींची वेळ घेतली आहे. आधी तू.

ता. ता. क. घाबरू नकोस असं म्हणत नाही. पण घाबरलीस तर चेहऱ्यावर येऊ देऊ नकोस. ती अगदी जवळ उभी राहून बघणार आहे, आणि जवळचं तिला लख्ख दिसतं.