काशीराम घाडींचं तिकीट

३ फेब्रुवारी १९८६

तिकीट आलं – आणि नाव चुकलेलं! बाबांचं नाव धाकू रामनाथ घाडी. तिकिटावर काशीराम रामनाथ घाडी. काशीराम म्हणजे बाबांचा भाऊ, मला कळायला लागण्याआधीच गेलेला. मेलेल्या माणसाच्या नावाने बहरीनचं तिकीट. माझ्या धाकट्या भावाने, सहदेवने तिथूनच काढलंय, म्हणजे नाव त्यानेच दिलं असणार. की इथल्या एजंटने काही केलं?

विमान १६ तारखेचं. साइटवर पायावर लोखंड पडल्यापासून सहदेव प्लास्टरमध्ये आहे. 'बाबांना एकदा पाठव' एवढंच पत्र. व्हिसा महिनाअखेरपर्यंतचा. ह्या वयात बाबांचीही ही शेवटचीच संधी.

५ फेब्रुवारी

सुट्टी टाकून अंधेरीला एजंटकडे. चंद्रप्रकाश नावाचा हसरा माणूस. दुरुस्ती इथे होत नाही म्हणाला, तिकडच्या ऑफिसचा टेलेक्स हवा. शिवाय प्रवाशाचा अर्ज, सहीनिशी. "आठ दिवसांत काम होईल साहेब, टेन्शन नाही घ्यायचं."

मला हसऱ्या एजंटांचा भरवसा नाही. गेल्याच वर्षी आमच्या पेपरात मी बातमी लावली होती – दुसऱ्याच्या नावाच्या तिकिटावर आखातात माणसं पाठवणाऱ्यांची. आमचा व्हिसा धाकूच्या नावाचा, तिकीट काशीरामच्या. आमच्या जिवावर तिसराच कोणी जाणार नाही ना? पण मग एजंटला काकाचं नाव कुठून कळलं?

६ फेब्रुवारी

नलिनी म्हणते, तुम्हाला बायको शिंकली तरी बातमी दिसते.

८ फेब्रुवारी

ऑफिसातून सहदेवला ट्रंक कॉल. "चुकून लिहिलं गेलं, विद्यादादा. टेलेक्स करायला सांगतो." चुकून? फॉर्म भरताना मुलगा बापाचं नाव चुकत नाही. त्यातून काकाचा साधा फोटोही आमच्या घरात नाही. मी विचारलं, हे नाव तुला सुचलं कुठून? तर म्हणे लाइन खराब आहे.

लाइन स्वच्छ होती.

१० फेब्रुवारी

अर्ज लिहून दिला, चार ओळींचा. 'माझे नाव धाकू रामनाथ घाडी आहे. तिकिटावर चुकून काशीराम असे लिहिले गेले आहे. काशीराम घाडी ही व्यक्ती हयात नाही. कृपया दुरुस्ती करावी.' बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. सही उद्या करतो म्हणाले.

११ फेब्रुवारी

सही नाही.

वाटलं, जायची भीती वाटत असेल. पण बॅग भरून तयार आहे, सहदेवसाठी आमसुलं बांधून ठेवलीत, सकाळ-संध्याकाळ नलिनीला १६ला किती दिवस राहिले विचारतात. आणि कागद समोर धरला की कान दुखतो, डोळे दुखतात. गिरणीच्या पगारपत्रकावर जन्मभर सही केलेला माणूस एका अर्जाला अडतो म्हणजे काहीतरी लपवतो. सहदेवला ते ठाऊक आहे. दोघे मिळून मला बाहेर ठेवतात.

आठवत बसलो. गणपतीला अख्खी चाळ कोकणात जायची, आम्ही तेवढे इथे. कारण विचारलं की आई म्हणायची, भावकीचं भांडण. मी पुढे कधी खोदलं नाही. दुसऱ्याचा बाप असता तर खोदलं असतं.

१२ फेब्रुवारी

आज सकाळी माझा आवाज चढला. ह्या चार ओळींत खोटं काय आहे, तेवढं दाखवा म्हटलं. त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"नाव चुकूक नाय, विद्या. ता माझाच नाव."

मग तुटक तुटक सांगितलं. धाकू हा धाकटा भाऊ. गिरणीत होता, तापाने गेला. थोरला काशीराम गावाहून आला आणि मेलेल्या भावाचा बिल्ला लावून त्याच्याच मागावर कापड विणायला उभा राहिला. कामगार भरणाऱ्या जॉबरने बघून न बघितल्यासारखं केलं. बिल्ल्यावरचं नाव पुढे रेशन कार्डावर गेलं, पासपोर्टवर गेलं. आई गेली तेव्हा सहदेव रजेवर आला होता, त्याला हे सांगितलं; फॉर्म भरताना त्याच्या हातून तेच खरं नाव उतरलं असणार.

"धाकू म्हणान हजार सयो केलंय," म्हणाले. "पण काशीराम मेलो म्हणान कशी करू?"

मी तिसरी ओळ खोडली. त्यांनी लगेच सही केली – धाकू घाडी, सुवाच्य.

१३ फेब्रुवारी

टेलेक्स आला, अर्ज चालला, तिकीट दुरुस्त झालं. चंद्रप्रकाशने चहा पाजला. बिचाऱ्यावर उगाच संशय घेतला.

दुसरा संशय मात्र जात नाही. भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर काम केलेली माणसं गिरणगावात शेकड्याने होती. ही गोष्ट लोक पोरांना हसत सांगतात. ती सहदेवला सांगितली, मला नाही – का? आणि त्यांचा भाऊ कोणत्या साली गेला, ते बाबांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी पाणी मागितलं.

१६ फेब्रुवारी

सहार विमानतळ. नलिनी रडली, बाबा नाही. आत जाताना माझं मनगट धरलं. "मी गेल्यार पुतळेकडे जा. तिका सांग, मीच धाडलंय." पुतळाबाई म्हणजे त्यांची बहीण, मुलुंडला असते. मी म्हटलं, काय असेल ते तुम्हीच सांगा ना.

"माका धीर जावचो नाय."

कोट तेवढा सारखा केला माझा, आणि गेले.

१८ फेब्रुवारी

सहदेवचा फोन आला, बाबा सुखरूप पोचले. संध्याकाळी मुलुंडला जाऊन आलो. आत्याने काही राखून ठेवलं नाही. धाकू घाडी १९४० साली वारले. मागे बायको सगुणा, बावीस वर्षांची. थोरल्या दिराबरोबर संसार थाटला म्हणून दोघांना गाव कायमचं तुटलं.

तिच्या पदरात तेव्हा दोन वर्षांचं मूल होतं. नाव विद्याधर.