शिंप्याच्या भिंतीखालची ऊब

१२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

वर्षभर घरात बसून करतोस काय, असं विचारलंस. तर हाताने केलेल्या वस्तू लिहितो. जुन्या खिडक्यांच्या काचा लावलेल्या, आतून काळ्या रंगवलेल्या तापपेट्या नऊ. त्यांत तांब्याची नळी एकशे चाळीस फूट, प्रत्येक जोडाला डाग मी दिलेला. जमिनीत बारा फूट खोल जाऊन परत वर येणाऱ्या, चिमट्याच्या आकाराच्या नळ्या बावीस. त्यांच्या मधेमधे वाळूने भरलेली भोकं एकतीस. भंगारातल्या तीन पंपांतून जुळवलेला पंप एक. पितळी झडप एक; ती नुसती कानशीने घासायला सहा दिवस लागले.

आपल्या घराखाली चिकणमाती आहे, लोण्यासारखी मऊ, हे बाबांना बांधताना कळलं नाही. वर्कशॉपचा कोपरा दरवर्षी बोटभर खचतो. आता उन्हाने तापलेलं पाणी नळ्यांतून खाली फिरतं, माती तापते, तिच्यातलं पाणी सुटून वाळूतून वर येतं आणि माती आवळते. पूर्वी सळई वीतभर आत घालायला हातोड्याचे तीन घाव पुरत. काल सतरा लागले. कुठल्या कॉलेजात शिकवतात हे, दाखव मला.

बाकी ठीक. माया आहे तशीच ठेव, ती तापवावी लागत नाही.

तुझा धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

सतरा घावांचं वाचून आनंद झाला. पण मी विचारलं होतं, येतोस कधी? उत्तरात मला नळ्या मोजून दाखवल्यास!

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन वीस मार्चला ठरलंय. नंतर दहा दिवस घरात कुणीतरी हवं, असं डॉक्टरांनी बजावलंय. हे असते तर तुला लिहिलंही नसतं. घरात अडकायचं नाही म्हणून लग्न केलं नाहीस, आणि आता पंपाशी संसार थाटलास. त्याला दहा दिवस माहेरी पाठव.

येणार नसशील तर तसं सरळ कळव. रागावले तरी मी तुझीच आहे.

ताई

६ मार्च

ती. ताईस सा. न.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. लाज वाटली.

मी नळ्या आपल्या हद्दीपर्यंतच घातल्या. शेजारच्या शिंप्याची आणि आपली भिंत एकच, हे मोजमापात धरलं. पण भिंतीखालची माती दोन भागांत कशी वागेल, हे धरलं नाही. आपल्या बाजूची आवळून अडीच बोटं खाली बसली, त्याची होती तिथेच राहिली. भिंत खिडकीपासून फरशीपर्यंत तडकली. फटीत पेन्सिल जाते. त्याच भिंतीला टेकून त्याचं मशीन आहे आणि त्याच्या म्हाताऱ्या सासूची खाट.

मी आपण होऊन त्याला सांगितलं. त्याने गळ्यातली टेप काढून फट मोजली. मग म्हणाला, माप न घेता कापड कापणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. बरोबर बोलला. त्याची फरशी उखडून मी आणखी अकरा नळ्या घातल्या. पावसाच्या आत त्याची बाजूही आवळली नाही, तर भिंत पुरती फाटेल. पावसाला नव्वद दिवस आहेत आणि माझ्या हिशेबाने मला अठ्ठ्याऐंशी दिवस ऊन हवं.

ढग आला की झडप बंद करायची, ऊन आलं की उघडायची. विसरलं तर जमिनीतली ऊब उलटी वर येऊन पेट्यांत निवते. आपोआप चालणारी झडप मिळते, पण मी न केलेल्या यंत्रावर माझा विश्वास नाही. शिंप्याला दोनदा शिकवलं, दोनदा त्याने उलटी फिरवली.

दारही आता वाकड्या चौकटीत अडकतं, दर आठवड्याला रंधा मारतो. ताई, मला येता येत नाही. सरळ कळव म्हणालीस, कळवलं.

तुझा धाकटा

१५ मार्च

चि. खटपट्यास आशीर्वाद.

रागावणार होते, पण त्या म्हातारीच्या खाटेचं वाचलं आणि राग गिळला. तरी तुला तिथे असं कोंडलेलं मी बघू शकत नाही. माझा एक जुना विद्यार्थी मोठ्या बांधकाम कंपनीत आहे. तुझं सगळं त्याला सांगितलंय, तो येऊन बघेल. त्याच्याशी वाद घालू नकोस, बसायला खुर्ची दे. ऑपरेशन पंधरा दिवस पुढे ढकललंय. तेवढ्यात मोकळा होऊन ये.

वाट बघते आहे, गुडघा धरून.

ताई

२९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा विद्यार्थी येऊन गेला. खुर्ची दिली, पण तो बसला नाही. बाह्या सरसावून स्वतः सळई ठोकली. एकवीस घाव मोजले आणि मला सर म्हणाला. मी नववी नापास. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग त्याने कागद काढला. वाचून मी विचारलं, शिंप्याच्या भिंतीचं काय? तो म्हणाला, आमचं काम हद्दीपर्यंत. मी म्हटलं, माझंही तसंच होतं.

तुझ्याकडे शिंप्याची थोरली बहीण येईल. तीस वर्षं नर्स होती. तिचं तिनेच ठरवलं, मी हात जोडले नाहीत, जोडायला हवे होते. तिला तुझी पुढची खोली दे, आणि माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगू नकोस.

सकाळी झडप उघडताना तुझा गुडघा आठवतो, संध्याकाळी बंद करताना पुन्हा. मधल्या वेळात आभाळाकडे बघण्याशिवाय काही करता येत नाही. एवढ्यावरही जवळचा मानलंस तर पुष्कळ झालं.

तुझा धाकटा

ता. क. त्या कागदात काय होतं ते तुझ्या विद्यार्थ्याकडून कळेलच, त्याआधी मीच लिहितो. पंधरा दिवसांत पंप बंद करायचा, नळ्या आणि नकाशे कंपनीला द्यायचे, घर पाडायला मोकळं करायचं. बदल्यात तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर दोन खोल्यांची जागा, आणि वर रोख अडतीस लाख. मी नाही म्हटलं.