दुधीच्या फुलात कुंकू

श्रावण शुद्ध ६, शके १८७८ (सन ५६). मोशी

आज हसून हसून पोट दुखलं. चऱ्होलीला विहीणबाईच्या घरी कडू दुधीची भाजी खाऊन चौघं ओकली. आता सगळी उठून बसलीत, म्हणून हसते, न्हाईतर हसले नसते. माझी लेक सुंदरा वाचली. तिला सातवा लागलाय, दुधीचा वासच नको झालाय पोरीला. गुणाचं पोर, पोटातनंच आईला राखतंय.

दामूला आज कंपनीत सुट्टी, सायकल घेऊन बहिणीला बघून आला, त्यानं सांगितलं. मी म्हणलं, दुधी चिरायच्या आधी देठाकडची चकती चाखायची असती, एवढं वळण त्या बाईला न्हाई? आमच्या छबीला तीन वर्सं झाली, ती पण म्हणती, आज्जे, चव बघ.

दामू म्हणला, "आई, दात आवर. बी तुझं होतं."

व्हय, होतं. दिवाळीला हळदीकुंकवाबरोबर मीच दिलं होतं विहीणबाईला, पुडी बांधून.

श्रावण शुद्ध ८

विहीणबाईचा निरोप आला. (पुढं नुसतं वि. लिहिते. तेवढी शाई कशाला घालवू तिच्यावर.) निरोप असा, की "कडू बी देऊन आम्हाला काय सांगायचं होतं ते कळलं. सुनेला माहेरी पाठवणार न्हाई. डोहाळजेवण हितंच, बाळंतपण पण हितंच."

पहिलं बाळंतपण सासरी! कुणाच्या घरी ऐकलंय का? तिनं तिच्या थोरल्या सुनेला असंच ठेवून घेतलं होतं, पोर हाती लागलं न्हाई. ते आठवलं की जेवण जात न्हाई. आज मात्र दोन भाकरी गेल्या, रागानं.

ती म्हणती, व्याह्यांनी दिलेलं बी, चाखायचं कशाला, विश्वास ठेवला. वा गं विश्वासवाली. लग्नात साखरेचं ताट तीनदा मोजून घेतलं होतंस.

ते बी माझ्या आईचं. ज्या दुधीचं काढलं, तो मीच खाल्ला होता, भाजी आन् सालीची चटणी पण. गोड होता. मग कडू कुठनं झालं? मला वाटतं वि. खोटं बोलती. सुनेला कामाला ठेवायला निमित्त पायजेल.

श्रावण शुद्ध ११

खोटं न्हाई बोलत.

तेच बी मी पण लावलंय, काट्याच्या कुपाच्या कडंला. आज पहिला दुधी काढला. चकती जिभेवर ठेवली आन् थुंकत थुंकत अंगणभर फिरले. सूनबाई आत तोंडात पदर घालून हसत होती. हस म्हणलं, तुझा पण सासू व्हायचा दिवस येईल.

आता हे कुणी केलं? कुपाच्या पलीकडं कोण हाय? गेनबा. त्याचे कडू भोपळे. खायचे न्हाईत, आळंदीला वीणा करणाऱ्याला देतो, तुंब्यासाठी. बारा महिने तोंड वाकडं. त्यानंच काहीतरी ओतलं मुळात. उद्या बघते.

श्रावण शुद्ध १२

बघितलं. त्यानं पण मला बघितलं. आख्खी आळी बघत होती.

मी म्हणलं, "गेनबा, माझ्या वेलात काय घातलंस?"

तो म्हणला, "मी? म्हातारे, माझे तुंबे बघ! दोन वर्सं झाली, साल पातळ, गळा वाकडा, सुकला की चिरतो. वीणावाला घेत न्हाई. तुझ्या गोड वेलानं माझं बी बाटवलं!"

"वेल काय कूप ओलांडून येतो व्हय रं तुझ्याकडं?"

"वेल न्हाई, पाखरू येतंय. तिन्हीसांजेला बघ. माझा बाप मादीफुलाला फडकं बांधायचा."

"मग तू का न्हाई बांधलंस?"

आळशी मेला. मला इतका आनंद झाला की भांडण अर्धवट टाकून आले. त्याचे तुंबे चिरले! माझ्या वेलानं चिरले!

घरी दामूला सांगितलं तर म्हणतो, "आई, पाखरं काय कंपनीत लागलीत व्हय, हिकडचा माल तिकडं पोचवायला?" बायकोसमोर जास्तच विनोदी होतो तो.

श्रावण शुद्ध १४

दोन दिवस तिन्हीसांजेला कुपापाशी पाट टाकून बसले. सूनबाई कुरकुरती, आत्याबाई दिवेलागणीला बाहेर. बसूदे.

गेनबा खरं बोलला, त्याचाच राग येतो.

ऊन उतरलं की दुधीची फुलं उमलतात, पांढरी, धुतलेल्या लुगड्यासारखी. मग करड्या रंगाची, पतंगासारखी पाखरं येतात, भिरभिर पंखांची, सुईसारखं तोंड काढून उभ्या उभ्या पितात. आधी जातात मोठ्या, उंच दांडीवरच्या, स्वच्छ पांढऱ्या फुलाला. पानाखाली दबलेली बारकी फुलं तशीच राहतात. सकाळी तिथलं इवलं भोपळं पिवळं पडून गळतं. म्हणजे फळ धरतं कुणाला? ज्या फुलाला पाखरानं पसंत केलं त्यालाच. आन् बी मिळतं त्याचंच.

मी उगाच मिरवत होते, बी मी निवडते म्हणून. माझ्या आईनं, तिच्या आईनं निवडलं ते फळ. फूल आमच्या आधी पाखरानं निवडलेलं. वर्सानुवर्सं बारकं, मळकं फूल गळत गेलं आन् पांढरं राहिलं. तांबड्या भोपळ्याचं बघा, पहाटे उमलतो, त्याच्याकडं मधमाशी, म्हणून तो पिवळाधमक. ज्याचं जसं गिऱ्हाईक तसं त्याचं लुगडं. गेनबाचं कडू फूल आन् माझं गोड फूल, लुगडं एकसारखं, कारण गिऱ्हाईक एकच. त्या मेल्या पाखराला फळाची चव कुठं कळती. त्याला पांढरं दिसलं की झालं.

आपण ज्याला वांझ फूल म्हणतो, नुसतं फूल, बुडाला भोपळं नसलेलं, त्यातली पिवळी भुकटी पाखराच्या तोंडाला लागती, ती मादीफुलात पडती. गेल्या साली माझ्या गोड दुधीत गेनबाच्या वेलाची भुकटी पडली. फळ गोडच राहिलं, पोटात बी कडू झालं. तेच मी विहिणीला वाटलं.

पण हे वि.ला कोण सांगणार? माझ्या पोटच्या पोराला पटत न्हाई.

श्रावण पौर्णिमा

सगळ्यांनी नारळीभात खाल्ला. सुंदराला राखीला पण पाठवलं न्हाई. दामू स्वतः जाऊन बांधून घेऊन आला. म्हणतो, सुंदराचे पाय सुजलेत, तरी पाणी तीच भरती.

वि. माझ्यासमोर असती तर

जाऊदे. एक गोष्ट सुचलीय. सगळं खरं हाय की न्हाई ते आधी माझं मला कळलं पायजेल. कुंकू.

श्रावण वद्य १

काल तिन्हीसांजेला, गेनबा गोठ्यात असताना, कुपातनं हात घालून त्याच्या पाच वांझ फुलांत चिमूट चिमूट कुंकू टाकलं. आज सकाळी उठल्या उठल्या माझ्या वेलाकडं. तीन मादीफुलांच्या तोंडात तांबडे कण! चिकटलेले, फुंकून जाईनात. मी तर टाळ्या वाजवल्या. दामूला आंघोळीवरनं ओढत आणून दाखवलं. बघितलं आन् म्हणतो, "मायला, माल पोचला की."

तेवढ्यात पलीकडनं बोंब. गेनबानं त्याच्या फुलात कुंकू बघितलं.

आता कुणाच्या वेलात कुंकू टाकणं म्हणजे काय, हे मला कळायला नको व्हय? आनंदाच्या भरात सुचलंच न्हाई. गेरू घालता आला असता. गेनबा ओरडतोय, "करणी! म्हातारीनं करणी केली!" त्याच्या बायकोनं लिंबू आणलं, मिरच्या जाळल्या, आख्खी आळी खोकत होती. मी कुपावरनं ओरडून ओरडून पाखराचं सांगते, आन् बायका पोरं आत घेतायत. छबीबरोबर खेळायला आज कुणी आलं न्हाई.

मोशीतलं बोलणं चऱ्होलीला पोचायला किती वेळ. आधी कडू बी दिलं, आता करणी. स्वतःच्या हातानं पोरीचा रस्ता बंद केला मी.

श्रावण वद्य ३

पोचलं. वि. स्वतः येणार म्हणे, उद्या. बैलगाडी घेऊन. दामू म्हणतो, आई, तू घरात बस, मी बोलतो. मी म्हणलं, तू बोलशील काय, माल पोचला?

गेनबाकडं गेले. आत घेतलं न्हाई, कुपावरनंच बोलणं. म्हणलं, "उद्या तुझ्या फुलांची फडकी सोड." त्यानं आता सगळी झाकलीत. म्हणला, "का सोडू?" म्हणलं, "तुझ्या डोळ्यांदेखत मी खोटी पडले तर तुला बघायचं न्हाई व्हय?"

लई विचार केला त्यानं. सोडतो म्हणला. बायकोला लिंबू घेऊन तयार ठेवणार हाय.

श्रावण वद्य ४

वि. दुपारीच आली. चहा घेतला न्हाई. पाणी पण गाडीवानाकडनं मागून प्याली. सुंदरा संगं न्हाई, मी गाडीत वाकून बघितलं, नुसतं गवत.

उभ्या उभ्याच म्हणली, "कडू बी, वर करणीचं कुंकू. माझी सून अशा घरी पाठवू?"

म्हणलं, "तिन्हीसांज होईतवर बसा. त्या वेलावरनं ह्या वेलावर पाखरू जाताना तुमच्या डोळ्यांनी बघा. मग बोला."

"आन् न्हाई आलं तर?"

मी म्हणायला नको होतं, पण म्हणून गेले. "तर बाळंतपण तुमच्याकडं. मी तोंडातनं शब्द काढणार न्हाई. चऱ्होलीला पाऊल टाकणार न्हाई."

"आन् आलं तर?"

"तर गाडी रिकामी उभी करायची न्हाई. परवा सुंदराला घालून पाठवायची."

ती हसली. पहिल्यांदाच बघितले तिचे दात. "पाखराच्या जिवावर नातवंड पणाला लावताय, विहीणबाई."

"तुमच्यापेक्षा पाखरू बरं," म्हणलं.

तर आता ती पाटावर बसलीय, मी उंबऱ्यात लिहितेय. कुपापलीकडं गेनबा, बायको, लिंबू. आळीतल्या बायका लांबनं. दामू शिफ्ट बुडवून आलाय. आभाळ भरून आलंय. पावसात पाखरू येत न्हाई, जोराच्या वाऱ्यात पण न्हाई, हे मला ठाऊक हाय, हिला न्हाई. सांगितलं न्हाई.

वि. विचारती, काय खरडताय एवढं? म्हणलं, तुमचंच नाव.

गेनबाकडचं पहिलं फूल उमलायला लागलं. माझ्याकडं दोन. वि.नं पदर खोचला आन् पुढं वाकली. हातावर एक थेंब पडला माझ्या. झाडाचा असंल.