राजासाठी पाडलेला दात

रविवार, सांजच्याले. कौंडण्यपूरच्या यात्रेहून आल्यावर

सलीमचा दात पाडला मी. माही बोटं अजून सुजलेली आहेत.

राजा-पाखऱ्या ही आमच्या भागातली शर्यतीची बैलजोडी. तिच्या चाहत्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी आन् सलीमनं मिळूनच काढला होता. मंग शंकरपटावर, म्हंजे बैलांच्या शर्यतीवर, बंदी आली, नवे व्हिडिओ येणं थांबलं, आन् जोडीतला खरा पळणारा कोण यावरून आमी भांडू लागलो. त्यानं पाखऱ्याचा वेगळा ग्रुप काढला. राजाचा माह्याकडे राहिला.

आज यात्रेत भेटला. हसून म्हणे, "तुहा राजा तं पाखऱ्याच्या जिवावर पळे." मी सरळ तोंडावर ठोसा हाणला. दात मातीत पडला, सदरा रक्तानं भरला, तरी मी लाथा हाणतच होतो. एवढा राग कावून?

जोडीचे मालक दौलतकाका धावत आले. मले मागं ओढलं. "कोणासाठी मारून राहिला बे? राजा उन्हाळ्यातच मेला. कडबा नव्हता. तुमच्यातल्या एकानं तरी येऊन पाह्यलं काय?"

सलीम मातीत दात शोधून राहिला होता. तो तसाच थांबला.

सकाळी मीच राजाचा जुना व्हिडिओ टाकला होता. त्याच्याखाली अजून 'आपला वाघ', 'आपला वाघ' येऊन राहिलं.